अंगावरचं तोडताना

काटेवाडी,
७ नोव्हेंबर २०२४

ताई,

नमस्कार मागाहून. आधी सांग, छकुली फार रडली का?

हे पत्र जोतीराम आणून देईल. सकाळी तुमच्या भिगवणची चिलापी मासळी बारामतीच्या बाजारात टाकून त्याचा टेंपो रिकामा परततो, त्यातून. तुला हसू येईल. तासाभराच्या रस्त्यावरच्या दोन बहिणी, दोघींच्या घरात मोबाइल, आणि कागदावर लिहायची पाळी. पण भाऊबीजेला तिला तुझ्याकडे सोडून मी घरी आले आणि पाय धुवायच्या आत आत्याबाईंनी माझा फोन फडताळात टाकला. "आठ दिस फोन करायचा न्हाय. आईचा आवाज पोरीच्या कानावर पडला की झालं मुसळ केरात. परत अंगावर मागंल." मी म्हटलं, मेसेज तरी करते. तर म्हणाल्या, "तुजी बहीण मेसेज वाचंल का पोरीला फोटू दाखवंल, कुणी बघितलंय?" आता माझ्या सासूचं सगळंच चुकतं असं मी म्हणत नाही. फोन दिसला की छकुलीला त्यात मीच बसलेय असं वाटतं, हे खरं आहे.

आपली आई असती तर अंगावरचं तोडायला छकुली आजोळी गेली असती. सगळ्यांची पोरं तशीच जातात, आठ दिवसांनी दूध विसरून परत येतात. आई नाही, म्हणून तुझ्या गळ्यात टाकली. तुझ्या हॉटेलाच्या धांदलीत तुला हे आणखी एक काम.

सोबतच्या पिशवीत माझी निळी साडी आहे, नेसती. घाईत द्यायची राहिली. झोपताना ती हिचा पदर नाकाशी धरते, मग फार छळत नाही. आत्याबाईंना सांगितलेलं नाही.

माझी छाती दगडासारखी झालीय. घट्ट फडकं बांधलंय, ताप आल्यासारखं वाटतं. पण आता खरं सांगते आणि तू कुणाला बोलू नकोस. काल मी जेवले. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एका जागी बसून, भाकरी गरम असताना, पदर कुणी न ओढता. दोन वर्षांत पहिल्यांदा. इतकं बरं वाटलं की शेवटचा घास रडत खाल्ला. ही कसली आई, असंच वाटत राहिलं. मग ताट धुतलं आणि पडले, ती सकाळी धारा काढायलाच उठले.

येता सोडून पुढच्या रविवारी येते न्यायला.

तुझी,
स्वरूपा

*

भिगवण,
१० नोव्हेंबर २०२४

चि. रूपा,

आशीर्वाद आहेतच. तुझ्या पत्राला मासळीचा वास येत होता, माझ्याही येईल. नाक दाबून वाच.

रडली. खोटं कशाला सांगू? पहिल्या दिवशी संध्याकाळी जे तोंड उघडलं ते समोरचा टायरवाला गेणबा बघायला आला, काय झालं म्हणून. तुझ्या दाजींनी खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत फेऱ्या मारल्या. सोलापूरकडची गाडी गेली, पुण्याकडची गेली, मालगाडी गेली, तेव्हा कुठं झोपली. दुसऱ्या दिवशी कमी. आता दिवसा ठीक असते, दिवेलागणीला आठवण काढते. साडी पोचली, तिचा उपयोग होतो.

आणि तू जेवलीस म्हणून रडतेस होय? धन्य आहे बाई. लोकं उपाशी राहून रडतात. रूपे, दोन वर्षं तुझ्या अंगाला जळूसारखी चिकटलेली पोर बाजूला झाली, तर हाडाला हाड मोकळं वाटणारच. त्यात पाप कसलं? शिकलेल्या बायकांना सगळ्याचा अर्थ लावायची खोड. मी दिवसाला शंभर भाकऱ्या थापते, मला विचार करायला सवडच नाही, म्हणून माझी तब्येत बघ कशी आहे.

तिला काटे काढून माशाचा तुकडा दिला, मिटक्या मारत खाल्ला. तुमच्या माळकरी घरात सांगू नकोस, नाहीतर सासूबाई गोमूत्र शिंपडतील.

घाई करू नकोस. पण पुढच्या रविवारी ये.

ताई

*

काटेवाडी,
१७ नोव्हेंबर २०२४

ताई,

आज रविवार. तू वाट बघितली असशील. मी आले नाही.

गाय व्यायली, हे कारण खरं आहे. पण गाय पहाटे व्यायली आणि दुपारी मी मोकळी होते, हेही खरं आहे. दीपक म्हणालेसुद्धा, "चल, गाडी काढतो." मीच म्हटलं, आज नको, ऊसतोड चालू आहे, रस्त्याला बैलगाड्या असतात. त्यांनी गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. ते कधीच काही बोलत नाहीत. त्यांच्यासारखं शांत माणूस नाही म्हणतात सगळे. शांत माणसाच्या घरात बायकोला एकटीलाच बोलावं लागतं, स्वतःशी.

मला काय होतंय ते तुला नीट सांगते, कारण दुसरं कुणी नाही. मला छकुली हवी आहे. तिच्या मानेचा घामट वास आठवला की मी जिथे असेन तिथे खाली बसते. आणि ती परत यायला नको आहे. हे दोन्ही एकाच वेळी. आधी एक आणि मग दुसरं असं असतं तर मी समजून घेतलं असतं. सकाळी तिचा छोटा पेला घासायला घेतला, डोळे भरून आले, आणि त्याच मिनिटाला मनात आलं, आज अजून कुणी मला हाक मारलेली नाही, किती छान.

दिवसभर तेच तेच असतं गं. धारा, डेअरी, शेण, भाकरी, पुन्हा धारा. त्यात ती कडेवर. ती गोड आहे म्हणून दिवस छोटा होत नाही.

व्यायलेल्या गाईला खोंड झाला. आमच्याकडे खोंड ठेवत नाहीत, तुला माहीत आहे. लगेच हलवला. ती सारखी हंबरतेय, मी कानात बोळे घातलेत. आत्याबाई म्हणतात, दोन दिवसांत विसरेल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजं बी तसंच. आता अंग मोकळं झालं, आता दुसऱ्याचं बघा." दुसऱ्याचं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दूध तोडायची एवढी घाई कशाची होती, ते मला आज कळलं.

तू लिहिलंस ती मासे खाते, हे वाचून हसले. आत्याबाईंना एवढंच सांगितलं की पोर रुळलीय. तर म्हणाल्या, "माय मरो, मावशी जगो म्हंत्यात, ते काय उगंच?" त्यांनी सहज म्हटलं. मला दिवसभर ते पुरलं.

आणखी आठ दिवस ठेवशील?

स्वरूपा

*

भिगवण,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. रूपा,

ठेवशील का म्हणून काय विचारतेस? पोर आहे का गॅसची टाकी, की मुदत संपली म्हणून परत करू?

छकुली खुशाल आहे. दाजी तिला सकाळी धरणाच्या पाण्यावर नेतात. फ्लेमिंगो पक्षी यायला लागलेत, त्यांना बघायला पुण्यामुंबईची माणसं दुर्बिणी घेऊन येतात आणि होडीला पैसे मोजतात. आपल्या बाईसाहेब होडीवाल्याच्या मांडीवर बसून फुकट जाऊन येतात. "गुलाबी, गुलाबी" करत येते. गल्ल्याजवळ तिची खुर्ची ठेवलीय. गिऱ्हाईक आलं की "बसा" म्हणते. तिच्यामुळे लोक जास्तीची भाकरी घ्यायला लागलेत, असं दाजी म्हणतात. त्यांचं डोकं फिरलंय म्हणा. चौदा वर्षांत ज्या माणसाला मी दुपारी घरी बघितलं नाही, तो आता तिला झोपवायला दोन वाजता घरी येतो.

तुझी आठवण काढते, रोज काढते. काळजी करू नकोस.

परवा काय केलं, रश्शात मिठाची वाटी उपडी केली. अख्खं पातेलं गेलं. मी इतकी वैतागले की तिला दारात नेऊन बसवली आणि म्हटलं, बस हितं, मला तोंड दाखवू नको. आणि रूपा, आत जाऊन मी हसत बसले. तू म्हणशील वेडी. इतकी वर्षं बायका माझ्यापुढं पोरांनी जीव खाल्ला म्हणून सांगायच्या आणि मग माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. आता मलाही कुणीतरी जीव खायला आहे. कंटाळा यायलासुद्धा नशीब लागतं.

तुझी निळी साडी धुतली. फार कळकट झाली होती. तशी आता तिला लागतही नाही.

दुसऱ्याचं बघा म्हणतात, त्यावर तू काय म्हणालीस ते लिहिलं नाहीस.

ताई

*

काटेवाडी,
९ डिसेंबर २०२४

ताई,

साडी धुतलीस.

बाकी सगळं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, तिची खुर्ची, होडी, मीठ. पण त्या एका ओळीशी येऊन थांबत होते. रागावले नाही. कळकट झाली असेल तर धुवायलाच हवी. तरी लिहिते, कारण नाही लिहिलं तर मी रागावलेय असं होईल.

माझा फोन मला केव्हाच परत मिळाला. मी केला नाही. तिचा आवाज ऐकला तर मला यावं लागेल, म्हणून. आणि तूही केला नाहीस.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. मी गेल्या बुधवारी भिगवणला आले होते. ब्लाउज शिवायला बारामतीला जाते असं घरी सांगितलं आणि एसटीत बसले. तुमच्या हॉटेलासमोर गेणबाच्या टायरच्या दुकानाशी उभी राहिले, टायरांच्या ढिगाआड. तू तिला भरवत होतीस. बोटांनी काटे शोधून शोधून काढत होतीस आणि तिचं तोंड आधीच उघडं. मग दाजी आले, त्यांनी काहीतरी म्हटलं आणि ती खदखदून हसली. माझ्याजवळ ती इतकी कधी हसलेली मला आठवत नाही. माझ्याजवळ ती नुसती चिकटून असायची.

रस्ता ओलांडायला दहा पावलं होती. मी उभी राहिले. मला वाटलं, मला बघून ती रडली तर तुझी महिनाभराची मेहनत वाया जाईल. हे मी स्वतःला सांगितलं. खरी भीती वेगळी होती, की मला बघून ती रडलीच नाही तर?

आणि तेवढ्यात माझा पान्हा फुटला. एवढ्या दिवसांनी. ब्लाउज समोरून भिजला, पदर गुंडाळून स्टँडवर बसले. शेजारची म्हातारी म्हणाली, "तान्हं लेकरू घरी ठून आलीस व्हय बाय?" मी व्हय म्हटलं.

दुसऱ्याबद्दल विचारलंस. मी काही म्हणाले नाही. मी नाही म्हणते तेव्हाही या घरात ते मौनच धरलं जातं.

तिला तुझ्याजवळ बघून मला वाटलं, हिचं माझ्यावाचून काही अडत नाही. राहू दे तिला तुझ्याजवळ. मी काही म्हणणार नाही.

स्वरूपा

*

भिगवण,
२० डिसेंबर २०२४

माझी गुणाची रूपा,

तुझं पत्र वाचून मी चुलीपुढून उठले ती देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. दाजींना वाचून दाखवलं. ते बाहेर जाऊन गाडी धूत राहिले, तीच गाडी दोनदा धुतली. मग आत येऊन म्हणाले, "तिला परत ईचार. घाईत लिव्हलं आसंल." मी म्हटलं, माझी बहीण आहे, मी ओळखते. माझी ओटी कोरडी आहे हे तिला किती वर्षं सलतंय, ते मला माहीत आहे.

तू सांगितलंस म्हणून मीही आता लपवत नाही. मागच्या महिन्यात तिला ताप भरला होता. चांगलाच. इंदापूरला दवाखान्यात नेलं. तुला कळवलं नाही, तू धावत आली असतीस. सुई टोचताना डॉक्टर म्हणाले, "आई, हात धरा तिचा." मी इकडे तिकडे बघितलं नाही. सरळ पुढे होऊन धरला. तेव्हापासून ती मला आईच म्हणते. मी शिकवलं नाही, देवाशपथ. मी दोनदा "मावशी म्हण" म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

माझ्या सासूबाई म्हणाल्या, असं तोंडी ठेवण्यात अर्थ नाही, रीतीनं व्हावं. पौषातल्या पौर्णिमेला आपण सगळे नरसिंहपूरला जाऊ. संगमावर आंघोळ करायची, देवापुढे तू तिला माझ्या ओटीत घालायचीस. नारळ, तांदूळ, खण, सगळं मी आणते. तू फक्त तिला उचलून माझ्या पदरात ठेव. कागदपत्रांचं मागाहून दीपकराव आणि हे बघतील. मार्गशीर्षामुळे हॉटेलात गर्दी नाही, तर मी बसून तिला हिरव्या खणाचं परकरपोलकं शिवतेय.

तू कधीही ये. ती तुझीही आहेच. तुला मावशी म्हणेल.

तुझी,
ताई

*

भिगवण,
३१ डिसेंबर २०२४

रूपा,

जोतीराम रोज रिकाम्या हातानं येतो. काल त्याला विचारलं तर म्हणाला, "वैनी दिसल्या डेअरीवर, पर काय दिलं न्हाय त्यांनी." बरी आहेस ना? माझं काही चुकलं का? फोन करावा वाटतो, पण माझ्याच्यानं नंबर दाबवत नाही. तू काय बोलशील याची भीती वाटते.

परकरपोलकं झालं. जरा मोठंच झालंय.

ताई

*

काटेवाडी,
३ जानेवारी २०२५

ताई,

तू माझं पत्र चुकीचं वाचलंस असं लिहायला मी तीनदा बसले. आणि तीनदा उठले, कारण तू चुकीचं वाचलं नाहीस. लिहिताना माझ्या मनात ते होतं. नव्हतंही. मी राहू दे लिहिलं ते अजून काही दिवस राहू दे, असंही होतं, आणि मला सोडव, असंही होतं. तू त्यातलं एक उचललंस. मी तुझ्या जागी असते तर तेच उचललं असतं.

तुझं पत्र मी घरात सांगितलं. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. मामंजी म्हणाले, चांगलंच आहे, पोर सुखात राहील. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगीच हाय. घरातल्या घरात तर जातीय. तुला काय, वर्साच्या आत पाळणा हालंल." ताई, त्यांनी एक क्षण हात थांबवला असता तर मी कदाचित तुझ्याबरोबर नरसिंहपूरला आले असते. खरंच आले असते. पण त्यांनी खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचा तांदूळ चाळला.

दीपकना विचारलं. ते म्हणाले, "तुझं तू ठरव." मी म्हटलं, तुमचीही आहे ना? तेव्हा म्हणाले, "मला ती गेल्यापासून घरात करमत नाय." दोन महिन्यांत हे पहिल्यांदा. आधी का नाही म्हणालात, असं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. त्यांनी उठून गाडीत हवा भरून आणली.

रविवारी आम्ही येतोय. तिला न्यायला.

मी प्रेमानं ओथंबून येत नाहीये, हे तुला खोटं सांगणार नाही. मला भीती वाटतेय. ती आली की चार दिवसांत पुन्हा तोच दिवस, तीच मी, आणि कधीतरी संडासाची कडी लावून आत नुसती उभी राहणारी मी. तरी आणणार आहे. तू तिच्यासाठी माझ्यापेक्षा चांगली आहेस, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलंय. म्हणूनच पत्र लिहायला एवढे दिवस लागले.

मला शिव्या दे. पण रविवारी घरी राहा.

स्वरूपा

*

काटेवाडी,
९ जानेवारी २०२५

ताई,

रविवारी तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. कढईत तेल होतं, गिऱ्हाईक होतं, मला सगळं दिसत होतं. दाजींनीच तिची पिशवी भरली. एकेक कपडा घडी करून ठेवत होते, आणि ते हिरवं परकरपोलकं सगळ्यात वर. ती त्यांच्या पायाला मिठी मारून माझ्याकडे बघत होती. ओळखलं तिनं मला. ओळखलं, आणि दाजींच्या मागे लपली.

गाडीत बसवलं तेव्हा ती "आई, आई" करत तुमच्या दाराकडे हात करत होती. मी मागे वळून बघितलं नाही. तू खिडकीत होतीस का, हे मला अजून माहीत नाही.

इथे येऊन आज पाचवा दिवस. अंगावरचं तुटलंय. आत्याबाई खूश आहेत. पहिल्या दिवशी मी तिला जवळ घेऊन पडले, आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मी, तुला लाज सोडून सांगते, हुक सोडले. नको ते शिकवायचं म्हणून नव्हे, नुसतं बघायला. तिनं बघितलं. बोट लावलं, आणि दुसरीकडे तोंड करून अंगठा चोखत पडून राहिली. ज्यासाठी तिला तुझ्याकडे पाठवली होती तेच झालं. मला आनंद व्हायला हवा.

दिवसा गोठ्यात रमते. वासरांना "बसा" म्हणते. भाकरीबरोबर मासा मागते, दीपक घराबाहेर नेऊन बिस्किट देतात. काल तिनं दुधाची किटली लाथाडली आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला घेऊन रडले, मग वाटलं हिला कुणीतरी तासभर घेऊन जावं. म्हणजे सगळं पूर्वीसारखं चालू झालंय.

पण दिवेलागण झाली की सुरू होते. दाराशी जाऊन बसते. आई पाहिजे म्हणते. मी म्हणते, मी आहे ना. ती मान हलवते, रागानंसुद्धा नाही, मला समजत नाही म्हणून समजावल्यासारखी. मग रडते. दीपक खांद्यावर घेऊन कॅनॉलपर्यंत फिरवून आणतात, पण इथे रेल्वे नाही.

पिशवीतून परत आलेली निळी साडी दिली तिच्या हातात. मी परवापासून तीच नेसत होते, वास यावा म्हणून. तिनं नाकाशी नेली आणि टाकून दिली.

ताई, तुला हे मागायचा मला हक्क नाही. रागावली असशील तर पत्र फाडून चुलीत घाल. तुझी एखादी साडी जोतीरामबरोबर पाठव. नेसती. धुवू नकोस.

स्वरूपा

*

भिगवण,
१२ जानेवारी २०२५

चि. रूपा,

जोतीरामबरोबर पिशवी दिलीय. आत माझी तपकिरी साडी आहे, चुलीपुढे नेसते ती. मासळीचा, धुराचा, तेलाचा, सगळा वास आहे तिला. तुझ्या सासूबाईंना म्हणावं, चार दिवस नाक दाबा. आज सकाळीच सोडली अंगावरून.

खिडकीत होते.

उद्या पौर्णिमा. दाजी म्हणतात, नारळ आणलाच आहे तर नरसिंहपूरला जाऊन येऊ, देवाला देऊ. जाऊन येतो. तिची खुर्ची मी गल्ल्याजवळून काढली, तर त्यांनी परत तिथेच ठेवली. गिऱ्हाईकं विचारतात, मालकीणबाई कुठं गेल्या? मी म्हणते, आईकडे.

मी तुझ्यावर रागावलेय. आणि तू तिला नेलीस म्हणून मला बरंही वाटलं. का ते तुला माहीत आहे, असं दोन्ही लिहायला तूच मला शिकवलंस. ती गेल्यापासून मी एका जागी बसून जेवते. भाकरी गरम असते.

ते तांदूळ निवडणं तू लिहिलंस, ते मी विसरणार नाही. दुसऱ्याचं तू तुझ्या मनानं बघ, कुणाच्या बोलण्यानं नको.

आता नीट ऐक. रोज दिवेलागणीला तिच्या हातात पदराचा कोपरा दे, अख्खी साडी देऊ नकोस. शेजारी तू झोप. आठ दिवसांनी तुझा वास त्यात मिसळेल. मग एक दिवस साडी धुऊन टाक. चांगला साबण लावून, उन्हात घाल. मी निळी साडी का धुतली ते तुला कळलंच होतं. तू धुतलीस तर मी काही म्हणणार नाही.

आणि फोन करायचा नाही. तूही नाही, दीपकरावही नाहीत. एवढ्यात तरी माझा आवाज तिच्या कानावर पडता कामा नये.

ताई